जार पडायच्या आधी

दसरा होऊन गेल्यावर एका रविवारी वैनींनी मला सांगितलं की या खेपेला करडं जगली नाहीत तर शेरडं विकून टाकायची. सांगताना त्या सुबाभळीच्या पाल्याच्या पेंढ्या बांधत होत्या आणि त्यांचा हात थांबला नाही. वैनी म्हणजे माझी थोरली भावजय. येडशीच्या अलीकडं, रामलिंगच्या डोंगराच्या अंगाला आमची वस्ती आहे. तिथं त्या आणि माझा थोरला भाऊ राहतात. मी धाराशिवला राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो आणि रविवारी वस्तीवर जातो.

शेरडं विकून मग काय करणार, असं मी विचारलं.

"काय करायचं? तुमच्या घरी येऊन बसते. जाऊबाईला भांड्याला बाई पायजेच हाय की."

हे त्या हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून वैनी शेरडांत आहेत. आमच्या भागातल्या शेळ्या काळ्याभोर, लांब कानांच्या. परक्याला सगळ्या सारख्या दिसतात. वैनींना कोणती कुणाची नात, कोणती कुठल्या ओढ्यात व्यालेली, सगळं तोंडपाठ. शेरडं गेली तर सकाळी उठून करायचं काय, हा त्यांच्यापुढं खरा प्रश्न होता. ज्या बाईनं आजवर कुणाला एक वाटी साखर मागितली नाही, तिला बसून खावं लागणार होतं. आणि करडं का मरतात हे मला ठाऊक होतं. पावसाळ्यापासून ठाऊक होतं. मी बोललो नव्हतो.

मागचं थोडं सांगायला हवं. आम्ही दोघंच भाऊ. एकानं शेरडांमागं जायचं आणि एकानं शाळेत, हे वडिलांनी ठरवलं. कशावरून ठरवलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. आण्णा, म्हणजे माझे भाऊ, माझ्यापेक्षा हुशार होते. तोंडी हिशोब त्यांना माझ्या आधी यायचा. पण ते थोरले, आधी चालायला लागलेले, म्हणून काठी त्यांच्या हातात आली. वर्गात पेशींचा धडा सुरू केला की दर वर्षी मला हे आठवतं. सगळं अंग एका पेशीपासून तयार होतं, ती दुभंगत जाते, आणि तिच्यापासून झालेल्या प्रत्येक पेशीत सूचना त्याच असतात, हे मी मुलांना सांगतो. मग कातडीची पेशी वेगळी का आणि मज्जेची वेगळी का? कोणती सूचना वाचायची आणि कोणती मिटून ठेवायची, यावर ते ठरतं. आणि काय वाचायचं हे पुष्कळदा ती पेशी कुठल्या जागी पडली, तिच्या शेजारी कोण आहे, यावर ठरतं. रक्तातली तांबडी पेशी तर प्राणवायूला जागा व्हावी म्हणून आपलं केंद्रकच टाकून देते. कामाला त्यानं ती पक्की होते. पण मग तिला दुसरं काही होता येत नाही आणि आपल्यासारखी दुसरी घडवताही येत नाही. मुलं हे वहीत उतरून घेतात. मी फळ्याकडं तोंड करून उभा राहतो, कारण मला आण्णांची काठी दिसत असते.

आण्णांचे गुडघे दोन-तीन वर्षांपूर्वी गेले. आयुष्यभर चढउतार केल्यावर कूर्चा झिजली, आणि कूर्चेच्या पेशी अशा की असलेलं सांभाळतात, पण झिजलेलं भरून काढणं त्यांना फारसं जमत नाही. डोंगराला जाणं संपलं. वैनी एकट्या किती फिरणार? तेव्हा मी पुढाकार घेऊन गोठा बांधून दिला. पत्र्याचं छप्पर, चारी बाजूंनी जाळी, आत गव्हाण, खाली जरा उंच केलेली जमीन. शेरडं जागेवर, पाला जागेवर. मला त्या गोठ्याचा फार अभिमान होता. इतकी वर्षं आण्णांच्या पायांवर मी शिकलो, त्याची थोडी तरी फेड झाली, असं वाटायचं. वस्तीवरची माणसं बघायला आली, आणि पुढं दोन-तीन घरांनी तसाच गोठा उभा केला. मी त्यांना जाळी कुठं मिळते तेही सांगितलं.

त्या गोठ्यात जन्मलेली करडं मरायला लागली. चार-सहा दिवस बरी असायची, मग हगवण लागायची, कान पडायचे, आणि सकाळी पाहावं तर पिल्लू ताठलेलं. वैनींनी दृष्ट काढली, शेकोटी केली, गव्हाणीला चुना मारला. पावसाळ्यात एक करडू गेलं तेव्हा ते पोत्यात घालून मी धाराशिवला जनावरांच्या एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पोट फाडून पाहिलं आणि एकच गोष्ट विचारली, की याला चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, कधी पाजला होता.

मी खरं ते सांगितलं. जार पडल्यावर.

शेळी व्याली की वार मागाहून पडते, तिला आमच्याकडं जार म्हणतात. ती पडायला कधी थोडा वेळ लागतो, कधी अर्धा दिवस. जार पडेपर्यंत करडाला आचळाला लावायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आधी पाजलं तर जार वर चढतो आणि शेळी जाते, असं समजतात. माझी आई तसंच करायची, तिची सासू तसंच. करडं ओरडत राहतात, आणि बाया टोपलीखाली झाकून ठेवतात.

डॉक्टर हात धुता धुता बोलत होते. करडू पोटात असतं तेव्हा रोगाशी लढणारी आईची प्रथिनं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. शेळीची वारच तशी असते. ती सगळी चिकात उतरलेली असतात. एरवी आतड्याच्या अस्तरातल्या पेशी कुठलंही मोठं प्रथिन अख्खं आत घेत नाहीत, त्याचे तुकडे झाल्यावरच घेतात. पण नुकत्या जन्मलेल्या करडाच्या आतड्यातल्या पेशी काही तास निराळ्या असतात. त्या चिकातलं प्रथिन जसंच्या तसं गिळतात आणि रक्तात पोचवतात. तास जातील तसं हे कमी होत जातं, दिवस उलटला की थांबतं. पुढं येणाऱ्या पेशी पचवण्याच्या कामाला तयार होऊनच येतात. मग कितीही चीक पाजा, तो नुसता अन्न म्हणून जिरतो. "पहिल्या दोन तासांत पाजा," ते म्हणाले, "जाराची वाट बघू नका."

पेशी आपल्या कामाला कशी तयार होते, हे मी किती वर्षं शिकवत होतो ते मोजायची मला लाज वाटते. आतड्याची आकृती मी डोळे मिटून काढतो. आणि ती आतडी माझ्याच गोठ्यात टोपलीखाली ओरडत असताना मी शेजारी चहा पीत बसलो होतो.

तरीही वस्तीवर जाऊन मी वैनींना सांगितलं नाही. कसं सांगायचं? टोपली त्यांच्या हातानं झाकली जात होती. सांगणं म्हणजे त्यांच्या तोंडावर म्हणणं की तुम्ही मारलीत. दोन-तीन रविवार मी त्याच विचारात घालवले, आणि तेवढ्यात आणखी एक शेळी व्याली. तिची दोन्ही करडं गेली. ती दोन माझ्याच नावावर आहेत, त्यांचा वाटा मी कुणावर ढकलू शकत नाही.

म्हणून वैनी शेरडं विकायचं बोलल्या तेव्हा मी ठरवलं की आता बोलायचं. त्यांना राग येईल, आण्णा बोलतील, तरी बोलायचं. पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी दोघांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. आण्णा बाजेवर पाय लांब करून पडले होते. वैनी उंबऱ्यात बसल्या होत्या. मी आतड्याच्या पेशींना दारं म्हटलं, कारण दुसरा शब्द सुचला नाही. जन्मल्यावर दारं उघडी असतात, मग बंद होतात, आणि आपण बंद झाल्यावर चीक देतो, असं सांगितलं.

वैनी म्हणाल्या, "म्हंजे म्या मारली व्हय करडं?"

मी म्हणालो की मला पावसाळ्यापासून माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, तेव्हा निम्मी मी मारली. त्या म्हणाल्या, "सासूबाईंनी जल्मभर जार पडल्यावरच पाजलं. मग तवा कशी जगत होती? शेरडांचं खांडच्या खांड हुतं आपलं. का तवा दारं न्हवती?"

डॉक्टरांना हे विचारायला हवं होतं, असं काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात बाजेवरून आण्णा बोलले. छताकडं बघतच बोलले.

"आगं, घरी किती व्यायच्या? सगळ्या रानात व्यायच्या. आपुन पुढं, शेळी मागं झुडपात. तिला हुडकत जाईपतोर करडू उठून पिऊन मोकळं. तिथं कोण बसतंय जार बघत."

त्यांनी ते सहज म्हटलं. पण मला एकदम सगळं दिसलं. नियम घरात होता आणि शेरडं रानात. घरी बांधलेली एखादी आजारी शेळी सोडली तर तो नियम कुणाला लागूच होत नव्हता. मी गोठा बांधला, व्यायला झालेली प्रत्येक शेळी डोळ्यासमोर आणून ठेवली, आणि मग नियम पहिल्यांदाच शंभर टक्के पाळला गेला. करडांच्या मरणात माझा वाटा नुसत्या गप्प बसण्याचा नव्हता. मीच त्यांना नियमाच्या हातात आणून दिलं होतं, तेही भावाची फेड म्हणून.

मी ते तिथल्या तिथं दोघांना सांगितलं. आण्णा म्हणाले, "गप रे. गोठा नसता तर शेरडं कवाच गेली असती." त्यांनी माझं ओझं हलकं करायला म्हटलं असेल. मला ते हलकं करून नको होतं. मला पुढचं करडू जगायला हवं होतं.

वैनींनी मात्र शब्द दिला नाही. "बघू," एवढंच म्हणाल्या. त्यांचं बघू म्हणजे बहुतेक वेळा नाही असतं.

पुढची शेळी दिवाळीनंतर व्यायची होती. तिची कास भरली, शेपटाजवळचं अंग सैल पडलं असा आण्णांचा फोन आला, तशी मी दोन दिवसांची रजा टाकली. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीतच कारण विचारलं. खोटं सांगायचं नाही असं मी ठरवलेलं होतं, म्हणून शेळी व्यायची आहे असं सांगितलं. ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले.

"सर, मॅडमच्या बाळंतपणाला घेतली होती का रजा?"

घेतली नव्हती. तेव्हा परीक्षेचे पेपर होते. सगळे हसले, मीही हसलो. पण एसटीत बसल्यावर तेही आठवत राहिलं.

शेळी दुसऱ्या दिवशी भर दुपारी व्याली. पायानं जमीन खरडली, बसली, उठली, पुन्हा बसली, आणि तिनं तीन करडं दिली. तिळं आमच्याकडं नवलाचं नाही. दोन बरी होती, तिसरं अगदी लहान, ओल्या चिंधीसारखं. वैनींनी गोणपाटानं नाकं पुसली, नाळ बांधून कापली, हळद लावली. शेळी तिघांना चाटत होती. जार पडला नव्हता. वैनींनी टोपली ओढून घेतली.

मी म्हणालो, "वैनी, आता पाजू या."

त्या टोपली धरून बसून राहिल्या. आण्णा काठी टेकत गोठ्याच्या दारापर्यंत आले होते. करडं आंधळ्यासारखी तोंडं इकडंतिकडं फिरवत होती. एक शेळीच्या पुढच्या पायालाच चोखत होतं. मला घड्याळाकडं बघायचं नव्हतं, पण मी बघत होतो.

मग वैनींनी जे सांगितलं ते आण्णांनाही माहीत नव्हतं. त्या नव्यानं सासरी आल्या होत्या तेव्हा माझ्या आईची एक लाडकी शेळी घरी व्याली होती. करडाचं ओरडणं ऐकवेना म्हणून वैनींनी कुणी नसताना ते आचळाला लावलं. जार अडकला, आत सडला, आणि शेळी गेली. आईनं सगळ्यांसमोर त्यांना पांढऱ्या पायाची म्हटलं. मी तेव्हा शाळेत शिकत होतो. त्या दिवसांत घरात काहीतरी बिनसलं होतं, एवढंच मला आठवतं.

"तवापासनं म्या कदी पाजलं न्हाय आधी," वैनी म्हणाल्या. "तुमी म्हंता त्ये खरं आसंल भावजी. पर माझा हात उचलत न्हाय."

जार अडकायला दुसरी पुष्कळ कारणं असतात. उलट करडू चोखायला लागलं की गर्भाशय आवळतं आणि जार पडायला मदतच होते, हे मी डॉक्टरांकडून विचारून आलो होतो. ते मी सांगितलं. आणखी म्हणालो की या शेळीला काही झालं तर ती मी मारली असं सगळ्या वस्तीला सांगा, मीही सांगेन.

"दोष घ्यायला तुमी हाव," त्या म्हणाल्या. "शेळी कुठनं आणायची?"

मी उठलो नाही. त्यांची शेळी, त्यांचा निर्णय. त्यांना डावलून करडू उचलायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. आणि निर्णय होईपर्यंत गोठ्यातून हलायचं नाही हेही ठरवलेलं होतं.

थोड्या वेळानं वैनींनी एक तोड काढली. एका करडाला आता पाजू, दोघांना नियमानं जार पडल्यावर. मग कोण जगतंय ते दिसेलच.

मी कबूल करतो की क्षणभर मला ते फार आवडलं. याहून चांगला प्रयोग वर्गात मांडता आला नसता. एकाच आईची, एकाच वेळची करडं, आणि फरक फक्त चिकाच्या वेळेचा. आठवड्यात निकाल लागला असता, वैनींची खात्री पटली असती, आणि मी खरा ठरलो असतो. मग मी त्या दोन करडांकडं पाहिलं. त्यांच्या पोटात, बोटाएवढ्या आतड्याच्या आतल्या बाजूला, हजारो पेशी या एकाच कामासाठी तयार होऊन बसल्या होत्या. त्यांना पुन्हा हे काम येणार नव्हतं. मला खरं ठरण्यासाठी त्यांना रिकामं ठेवायचं?

"नाही," मी म्हणालो. "तिन्ही, वैनी. नाहीतर एकही नको. दोन मेल्यावर मला पटवून द्यायचं नाही तुम्हाला."

माझा आवाज चढला होता. वैनींशी मी असा कधी बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं, आण्णांकडं पाहिलं. आण्णांनी नुसती मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही. वैनींना कळलं असावं.

त्यांनी टोपली बाजूला सरकवली. शेळीच्या कासेला कोमट पाण्याचा हात फिरवला, दोन्ही आचळं पिळून पहिल्या धारेतला चिकट बोळा काढला, आणि सगळ्यांत लहान करडू उचललं.

"ह्याला आदी. ही दोगं आपलं बगून घेत्याल."

त्याला चोखता येईना. वैनींनी वाटीत चीक काढला, पिवळाधमक, तारेसारखा ओढला जाणारा. बोट बुडवून बोट तोंडात, पुन्हा बोट, मग पळीनं थेंब थेंब. थोड्या वेळानं त्याची शेपटी हलली. दुसरी दोघं तोवर आचळाला लागली होती आणि ढुशा देत होती. मी जमिनीवर बसून एकाच्या पोटावर हात ठेवला होता. पोट हाताखाली भरत गेलं.

जार लगेच पडला नाही. मला वाटलं होतं की करडं पिताहेत तोवरच पडेल, आणि वैनींची भीती जाईल. तसं झालं नाही. दुपार सरली, उन्हं कलली. वैनी जेवल्या नाहीत. मीही जेवलो नाही, कारण त्यांच्या समोर घास उतरला नसता. आण्णांनी वस्तीवरची कुणाची तरी म्हैस, कुणाचं तरी लग्न, असं काहीबाही बोलून पाहिलं, मग तेही थांबले. मला त्या वेळी खात्री वाटत होती असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं आणि तरीही हीच शेळी जाऊ शकत होती. तसं झालं असतं तर वैनी दुसऱ्यांदा पांढऱ्या पायाच्या झाल्या असत्या, आणि या वेळी त्यांना तिथं मी नेलेलं असतं. तरी पुन्हा ती वेळ आली तर मी तेच म्हणेन, हे मात्र मला बसल्या बसल्या कळलं.

गुरं परतायच्या सुमाराला शेळी उठली, पाठ वाकवली, आणि जार पडला. अख्खा. वैनींनी तो काठीनं उलटून नीट पाहिला, काही आत राहिलं नाही ना ते पाहिलं, आणि बांधावर लिंबाखाली पुरून आल्या. मग हात धुतले आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भाकरी टाकते. बसा."

ते लहान करडू जगलं नाही. दहाएक दिवसांनी सकाळी ते शेळीच्या अंगाखाली चेंगरलेलं सापडलं. आण्णांनी फोनवर सांगितलं. एवढं करून एक गेलंच, असं आण्णा म्हणाले. मागून वैनींचा आवाज आला. त्या आण्णांना सांगत होत्या की ते हगवणीनं गेलेलं नाही, अंगाखाली सापडलं, ते वेगळं आणि हे वेगळं, मास्तरला उगं टोचू नका. फोन माझ्या कानाला होता आणि मी रस्त्यात उभा होतो. बाकीच्या दोघांना हगवण लागली नाही. महिनाभरात ती गव्हाणीवर चढून उड्या मारायला लागली.

शेरडं विकायचं बोलणं पुन्हा निघालं नाही. पुढची शेळी व्याली तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. मधल्या सुट्टीत वैनींचा फोन आला. "दोन झालीत. पाजली म्या. जार आजून पडायचाय," त्या म्हणाल्या. मी निघतो म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमी येऊन काय करणार? पोरं शिकवा." त्यांच्या आवाजात भीती होती, ती मला ऐकू आली. भीतीसकट त्यांनी पाजलं होतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वस्तीवर गेलो, पण आमच्या गोठ्याकडं गेलो नाही. माझा गोठा बघून ज्यांनी गोठे बांधले त्यांच्याकडं जायचं मी इतके दिवस टाळत होतो. घरातलं सांगणं एक, आणि लोकांच्या दारात जाऊन आपलं चुकलं म्हणणं एक. पहिलं घर ओढ्यापलीकडच्या एका म्हाताऱ्यांचं. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही. काका दारातच बसले होते. त्यांच्या गोठ्यातलीही करडं गेली होती, हे मला माहीत होतं. मी चीक, जार, आतडं, सगळं सांगितलं. पेशींना पुन्हा दारंच म्हटलं. त्यांनी तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर," ते म्हणाले, "गोठा बांधा म्हणून बी तुमीच सांगितलं व्हतं."

"हो," मी म्हणालो. "म्हणूनच आलोय."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि घरात सुनेला हाक मारली, की बाहेर ये, मास्तर काय सांगतोय ते तू ऐक, पाजायचं तुलाच हाय. ती पदराला हात पुसत आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.